गोळी लागू पडली, पण कशाला?

आजची गोष्ट एका गोळीची आहे. पीसीओएसवरचा तिचा मोठा प्रयोग छापून आला, तेव्हा ती बाजारातून उठून एक वर्ष झालं होतं.

पीसीओएस हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. मैत्रिणीकडून, बहिणीकडून, किंवा थेट डॉक्टरांच्या तोंडून. पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, आणि चिठ्ठीवर बऱ्याचदा डायबेटिसची गोळी लिहिलेली असते: मेटफॉर्मिन. घरी आई विचारते, "तुला कुठे शुगर आहे गं?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी जरा मागे जाऊ.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी ७ स्त्रियांची माहिती छापली. अंडाशयं मोठी, पाळी बंद. डॉक्टरांनी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी परत सुरू झाली, दोघींना दिवस गेले. साहजिकच सगळ्यांना वाटलं, दोष अंडाशयातच आहे.

पुढची ४५ वर्षं जवळपास हाच समज टिकला. मग १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या संशोधकांना दिसलं की या स्त्रियांच्या रक्तात इन्शुलिनही जास्त आहे, आणि जिथे इन्शुलिन जास्त तिथे पुरुषी हार्मोन्सही जास्त. १९८९ मध्ये अँड्रिया ड्युनेफ यांच्या गटाने दाखवलं की हे फक्त वजनामुळे होत नाही.

होतं काय, तर शरीरातल्या पेशी इन्शुलिनचं नीट ऐकत नाहीत. मग स्वादुपिंड आवाज चढवतं, म्हणजे आणखी इन्शुलिन सोडतं. पण अंडाशयाचे कान शाबूत असतात. या आरडाओरड्यात ते पुरुषी हार्मोन्स जास्त बनवतं, बीज पूर्ण पिकत नाही, पाळी चुकते. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणू, एरर एका ठिकाणी दिसतेय, बग दुसरीकडेच आहे.

मग सरळ विचार असा, की पेशींचे कान उघडणारी गोळी देऊन बघू. १९९४ मध्ये व्हेनेझुएलात मेटफॉर्मिन देऊन पाहिलं गेलं. १९९६ मध्ये ड्युनेफ यांच्या गटाने ट्रोग्लिटाझोन हे नवं औषध तीन महिने दिलं. दोन्हीकडे इन्शुलिन उतरलं आणि पुरुषी हार्मोन्सही उतरले. पण हे प्रयोग छोटे होते.

म्हणून मोठा प्रयोग झाला. ४१० स्त्रिया, ४४ आठवडे, चार गट. तीन गटांना ट्रोग्लिटाझोनच्या वेगवेगळ्या मात्रा, चौथ्याला नुसतीच दिसायला तशी गोळी. कोणाला काय मिळतंय हे ना त्या स्त्रियांना माहीत, ना डॉक्टरांना. निकाल स्पष्ट होता: मात्रा जास्त, तसं बीज सुटण्याचं प्रमाणही जास्त.

दरम्यान बाहेर वेगळंच चाललं होतं. अमेरिकेत १९९७ मध्ये डायबेटिससाठी आलेल्या या गोळीने काही रुग्णांचं यकृत निकामी होत होतं. ब्रिटनमध्ये ती त्याच वर्षी डिसेंबरात थांबली. १९९८ मध्ये डायबेटिस टाळण्याच्या एका सरकारी प्रयोगात सहभागी व्यक्तीचा मृत्यू झाला आणि तिथूनही ती काढली गेली. मार्च २००० मध्ये अमेरिकेच्या बाजारातूनही गेली. पीसीओएसचा तो निकाल छापून आला २००१ मध्ये. कल्पना पास, गोळी नापास.

आता सगळ्यांच्या आशा जुन्या, स्वस्त मेटफॉर्मिनवर. तिनेही पाळी सुधारत होती, बीज सुटत होतं. पण बीज सुटलं म्हणजे बाळ झालं का? हे थेट मोजलं २००७ मध्ये, अमेरिकेत, मूल हवं असलेल्या ६२६ स्त्रियांमध्ये. यावेळी हिशेब जन्मलेल्या बाळांचा होता. क्लोमिफिन या जुन्या औषधाने २२.५ टक्के स्त्रियांना बाळ झालं. एकट्या मेटफॉर्मिनने फक्त ७.२ टक्के. दोन्ही मिळून २६.८ टक्के, पण क्लोमिफिनपेक्षा हे नक्की सरस आहे असं म्हणण्याइतका तो फरक नव्हता.

मग मेटफॉर्मिन कुचकामी? अजिबात नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही ती आहे, पण मुख्यतः साखर आणि इन्शुलिनच्या बाजूसाठी. मूल हवं असेल तर बीज सुटण्यासाठी पहिलं नाव लेट्रोझोलचं.

मला या इतिहासातून एवढंच कळलं: "औषध लागू पडलं" हे वाक्य अर्धवट असतं. कशाला लागू पडलं? इन्शुलिनला, पाळीला, बीजाला, की बाळाला? प्रत्येक पायरीवर उत्तर बदललं, आणि एका पायरीवर तर यकृताकडे बघायची वेळ आली.

तेव्हा हातात चिठ्ठी पडली, तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "ही मला नेमकी कशासाठी देताय, आणि फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवणार?" आणि आईलाही आता उत्तर देता येईल. शुगर नसली, तरी इन्शुलिनचा आवाज चढलेला असू शकतो.

भेटू पुढच्या भागात!