सावरणाऱ्यांची मोजदाद : तरुण अभ्यासकांसाठी प्रस्तावना

आर्थिक वर्ष २०२०-२१ मध्ये भारताची अर्थव्यवस्था किती आकसली? मे २०२१ मध्ये सरकारी उत्तर होते ७.३ टक्के. जानेवारी २०२२ मध्ये ते ६.६ टक्के झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ५.८ टक्के. यात कोणी लपवाछपवी केली असे समजू नका. कंपन्यांचे ताळेबंद उशिरा येतात, राज्यांचे हिशेब त्याहून उशिरा मिळतात, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज असे टप्प्याटप्प्याने दुरुस्त होत जाणे ही जुनी रीत आहे. पण धोरणांना एवढी वाट पाहता येत नाही. लहान उद्योगांची कर्जहमी, मोफत धान्य, फेरीवाल्यांना दहा हजारांचे भांडवल, शाळा कधी उघडायच्या, हे निर्णय पहिला आकडासुद्धा हाती नसताना घ्यावे लागले. आज आपल्याकडे बरीच माहिती आहे, तेव्हा ती नव्हती. अभ्यासकाला हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो, नाहीतर तो निर्णय घेणाऱ्यांवर अन्याय करतो. आणि तो फरक फार ताणला, तर ज्यांनी त्या निर्णयांची किंमत मोजली त्यांच्यावर अन्याय होतो.

महामारीनंतरच्या धोरणांचा अभ्यास करण्यासाठी या ऑनलाइन कार्यक्रमात तुम्ही आलात, याचा मनापासून आनंद आहे. तुमच्यातल्या काहींची २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द झाली होती. घरातला एकच मोबाइल भावंडांत वाटून घेत तुम्ही शिकलात. या विषयाचा तुमचा अनुभव आमच्या पिढीपेक्षा वेगळा आहे, आणि तो संशोधनात उतरावा अशी आमची इच्छा आहे.

विषय मात्र तुम्हाला वाटतो तितका नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. तोच कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. पुण्यातल्या घरझडत्या, रँडचा वध, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना मार्च १८९७ मध्ये झालेला सावित्रीबाईंचा मृत्यू, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्यानंतर शहर सावरण्यासाठी काय केले गेले, हे मात्र फारसे शिकवले जात नाही. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या मोकळ्या करायच्या, समुद्राचा वारा आतपर्यंत खेळेल असे रुंद रस्ते काढायचे, उत्तरेकडे नव्या वसाहती आखायच्या, हे त्याचे काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच झाले, दादर-माटुंग्याची आखणीही त्यातलीच. हिंदू कॉलनीतल्या झाडांच्या सावलीतून चालताना ती एका साथीनंतरच्या धोरणाची देणगी आहे, हे क्वचितच कोणाच्या मनात येते. पण ज्यांची घरे रस्त्यांसाठी पाडली, ते या वसाहतींत राहायला गेले नाहीत. गोदीत किंवा गिरणीत पायी कामाला जाणाऱ्या माणसाला माटुंगा परवडणारा नव्हता, भाड्यानेही नाही आणि अंतरानेही. तो शेजारच्या चाळीत सरकला आणि तिथली दाटी आणखी वाढली. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जेवढ्यांना बेघर केले, तेवढ्यांसाठी घरे उभी केली नाहीत. शहर सुधारले, यात शंका नाही. कोणासाठी, हा प्रश्न तेव्हाच्या अहवालांत दुय्यम राहिला. आपल्या अभ्यासात तो पहिला असावा.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यातले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीने खेडोपाडी पाय रोवले. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून त्यासाठी पैसा उभा राहिला. दुष्काळ संपल्यावर ही योजना गुंडाळली नाही, आणि २००५ मध्ये देशाने तिच्या धर्तीवर कायदा केला. म्हणूनच २०२० मध्ये शहरांतून पायी परतलेल्या मजुरांना गावात मागता येईल असे काम होते. त्या वर्षी अंदाजपत्रकातल्या ६१,५०० कोटींत आणखी ४०,००० कोटींची भर घालावी लागली आणि सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघाले. एका संकटात उभारलेली यंत्रणा जवळजवळ पन्नास वर्षांनी दुसऱ्या संकटात उपयोगी पडली. तुमच्यापैकी कोणी धोरणांच्या टिकाऊपणावर काम करणार असेल, तर याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता एक फाइल जरा जवळून पाहू. मराठवाड्यातल्या कुठल्याही तहसील कचेरीत अशा फायली सापडतील. एप्रिल २०२१ मध्ये नवरा आजारी पडला. तालुक्याच्या गावी सीटी स्कॅन झाला, स्कोअर वाईट आला, बेड मिळाला नाही, आणि घरीच तो गेला. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविडमृतांच्या कुटुंबांना सानुग्रह साहाय्य देण्याचे निकष ठरवण्याचा आदेश दिला. पुढे ५०,००० रुपये ही रक्कम ठरली. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांत झालेला मृत्यू, दवाखान्याबाहेरचा असला तरी, कोविडचा धरावा असेही निश्चित झाले. निकष उदार होता. पण या घरात चाचणीचा कागदच नव्हता, स्कॅनचा होता. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर मृत्यूची तारीख होती, मृत्यूचे कारण नव्हते. मग जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करावा लागला. दरम्यान बँक वारसाचा कागद मागत होती. सातबारा सासऱ्याच्या नावावर, त्यामुळे फेरफार अडलेला. संजय गांधी निराधार योजनेसाठी वर्षाला २१,००० रुपयांच्या आतला उत्पन्नाचा दाखला हवा होता, आणि मायक्रोफायनान्सचा माणूस दर आठवड्याला हप्त्यासाठी दारात उभा होता. अशा बायकांसाठी राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये मिशन वात्सल्य सुरू केले, तालुका पातळीवर समित्या नेमल्या, सगळ्या योजना एका ठिकाणी आणण्याचा प्रयत्न केला. जिथे समितीच्या बैठका नियमित झाल्या आणि एखादी अंगणवाडी सेविका किंवा तलाठी स्वतःहून घरी गेला, तिथे कागद हलले. शेजारच्याच तालुक्यात ते का हलले नाहीत? हा प्रश्न प्रबंधाच्या तोडीचा आहे. त्याचे उत्तर मुंबईतल्या आकडेवारीत सापडणार नाही.

पण याच फायलींनी आकडेवारीवरही प्रकाश टाकला. महाराष्ट्र आणि गुजरातसह काही राज्यांत सानुग्रह साहाय्याचे अर्ज सरकारी कोविडमृत्यूंच्या संख्येपेक्षा जास्त निघाले. मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागरी नोंदणीच्या अहवालात २०१९ साली नोंदलेले मृत्यू सुमारे ७६ लाख, २०२० साली ८१ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख आहेत. ही वाढ सगळी कोविडचीच असे लगेच म्हणू नका; नोंदणीचे प्रमाणही दरम्यान सुधारले आहे. त्यातला किती वाटा कशाचा, हे वेगळे काढण्याची पद्धत तुम्ही शिकाल. फक्त प्रत्येक नोंदीमागे वर सांगितल्यासारखे एक घर आहे, हे आकडेमोड करतानाही विसरू नका.

शिक्षणाचे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर आली. आलेख पूर्ववत झाला, आणि शिक्षकांनी त्यासाठी घेतलेले कष्ट खरे आहेत. पण २०२४ मधली तिसरीची मुले २०२२ मधली नव्हेत. त्या वेळी तिसरीत अडखळलेली मुलगी २०२४ मध्ये पाचवीत पोचली होती. तिसरी इयत्ता सावरली. ती मुलगी सावरली का, हे या आकड्यातून कळत नाही. तिच्यामागे जाणारा अभ्यास वेगळा करावा लागतो, तो खर्चिक आणि वेळखाऊ असतो, म्हणून थोडेच लोक करतात.

रोजगारातही हेच सापळे आहेत. १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबाजारातला सहभाग २०१८-१९ मध्ये २४.५ टक्के होता, २०२०-२१ मध्ये तो ३२.५ टक्के झाला. ही बातमी चांगली की वाईट, हे वाढ कुठे झाली ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ती मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदतनीस म्हणून झाली.

आपला कार्यक्रम ऑनलाइन आहे, म्हणून धडगाव आणि डोंबिवलीचे अभ्यासक एकाच चर्चेत बसू शकतात. मात्र पडद्यावरून केलेल्या अभ्यासाच्या मर्यादा आधीच सांगितलेल्या बऱ्या. मार्च २०२० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीचे क्षेत्रकाम थांबले आणि पुढे काही फेऱ्या फोनवरून घ्याव्या लागल्या. अनेक संशोधकांनीही तेच केले. ज्या घरात फोन नाही, किंवा आहे पण नवऱ्याच्या खिशात आहे, त्या घरातल्या बाईचे उत्तर अशा पाहणीत येत नाही. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने नमुना निवडण्याचा पायाही जुना झाला. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा हॅरॉल्ड मान यांनी केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घराघराचे शेत, कर्ज, जेवण त्यांनी नोंदवले. गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची पाहणी केली तीही दारोदार जाऊन. तुम्हीही निदान आपल्या गावातली, आपल्या वॉर्डातली काही दारे ठोठावावीत, असा माझा आग्रह राहील.

इंग्रजीतली साधने भरपूर आहेत आणि ती तुम्ही वाचालच. टिपणे मात्र ज्या भाषेत माणसाने उत्तर दिले त्या भाषेत ठेवा, अहिराणीत दिले तर अहिराणीत. शोधनिबंध कोणत्या भाषेत लिहायचा हे नंतर ठरवता येईल. माणसांची नावे टिपणात घेऊ नका, आणि परवानगी घेतल्याशिवाय कोणाचे कागद मोबाइलवर टिपू नका.

पहिल्या महिन्याचे काम असे आहे. मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळातला राज्य शासनाचा कोणताही एक शासन निर्णय निवडा. तो प्रस्तावनेपासून शेवटच्या ‘प्रत माहितीसाठी’ पर्यंत वाचा. कोणते काम कोणाकडे दिले, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकला, मुदत काय ठेवली, हे नोंदवा. मग तो तुमच्या तालुक्यात कोणत्या टेबलावर पोचला, तिथून पुढे गेला का, हे त्या टेबलापाशी जाऊन विचारा. उत्तर मिळाले नाही, तर कोणी काय कारण दिले तेही लिहा. चार पाने पुरेत.