विलीनीकरणाचा खर्च कुणाच्या खिशातून?

शीळफाट्यावर रिक्षाची वाट बघत थांबलं की चौदा गावांचा विषय हमखास कानावर पडतो. दहिसर, पिंपरी, उत्तरशीव या पट्ट्यातली ही गावं २००७ मध्ये नवी मुंबई महापालिकेतून बाहेर पडली. पुन्हा आत घ्यायचं ठरलं, तेव्हा रस्ते, पाणी, गटारांचे पैसे महापालिकेनं द्यायचे की राज्य सरकारनं, यावरून वाद पेटला.

तो वाद ऐकताना मला आमचा मराठवाडा आठवतो. आमचं घराणं परभणीचं.

सप्टेंबर १९४८ मध्ये ‘पोलीस ॲक्शन’ झाली आणि निजामाचं संस्थान संपलं. मीर उस्मान अली खान यांना वर्षाला ५० लाखांचा तनखा मिळाला, तोही करमुक्त. शिवाय राजप्रमुखपद. बडोद्याच्या महाराजांना साडेसव्वीस लाख, तर कटोडिया या काठियावाडातल्या चिमुकल्या संस्थानाच्या धन्याला वर्षाचे १९२ रुपये! रक्कम कितीही असो, हमी थेट राज्यघटनेची होती, कलम २९१. रक्तपात न होता संस्थानं आली, त्या मानानं ही किंमत फार नाही, असं सरदार पटेलांचं म्हणणं. हैदराबादेत मात्र रक्त सांडलंच. सुंदरलाल समितीनं किमान २७ हजार मृत्यूंचा अंदाज दिला. त्यावर स्वतंत्रपणे लिहावं लागेल.

राजांचं ठरलं, रयतेचं काय? २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचं कबूल केलं गेलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. विकास मंडळांची तरतूद त्याच वर्षी घटनेच्या ३७१ व्या कलमात झाली. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी. मधल्या काळात, १९८४ मध्ये, दांडेकर समितीनं राज्यातला अनुशेष मोजला: सुमारे ३,१८६ कोटी.

निजामाच्या तनख्याला असा उशीर झाला नाही. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीनं सगळेच तनखे बंद झाले, हेही खरं, आणि मला ते योग्यच वाटतं. पण तोवर वीसेक वर्षं ते दिले जात होते. रयतेच्या वाट्याला आलेला करार मात्र घटनेबाहेरचा. तो मोडला म्हणून कोर्टात कुणाला खेचणार?

२०२० च्या एप्रिलअखेर विकास मंडळांची मुदतही संपली.