दहा राग, तीन यंत्रं

उदगीर-लातूरकडच्या वरातीत आज कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असतातच. यंत्राच्या ठेक्यावर सूर धरणं आपल्या कानांना सवयीचं झालं आहे. याच वाटेवरचा एक फार धाडसी प्रयोग १९८२ साली मुंबईत झाला आणि आपल्याकडे तो जवळजवळ कुणी ऐकलाच नाही, याची मला खंत वाटते.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओतले वादक. ‘दम मारो दम’ या गाण्यातला ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ॲकॉर्डियन, त्यांचा. ‘कुर्बानी’नंतर सिनेमात डिस्कोची लाट आली, तेव्हा त्याच ठेक्यावर काहीतरी निराळं करायचं त्यांनी मनावर घेतलं. हाताशी रोलँड कंपनीची तीन नवी वाद्यं होती : तालासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांवर भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी बसवले. एचएमव्हीने तबकडी काढली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती चालली नाही.

खरी गंमत ३०३मध्ये आहे. एकट्या गिटारवादकाला साथीला बेस मिळावा म्हणून हे यंत्र बनवलं होतं. त्या कामात ते फारसं जमलं नाही आणि १९८४ साली त्याचं उत्पादनही थांबलं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. गिटारच्या साथीला ती कितपत उपयोगी पडली असेल कोण जाणे. रागाला मात्र अशी घसरण, म्हणजे मींड, हवीच. शिवाय रागात कॉर्ड बदलत नाहीत. षड्ज सतत घुमत राहतो आणि त्याच्यावर ठरावीक स्वरांची वळणं पुन्हा पुन्हा घ्यायची असतात. म्हणजे यंत्राला जे सहज येत होतं तेच नेमकं रागाला लागत होतं. ही जोडी जुळवायला कान दोन्हीकडे तयार असावा लागतो, आणि तसा कान सिनेमाच्या स्टुडिओतच घडला होता.

पुढे शिकागोच्या फ्यूचर या गटाने ३०३वरच ‘ॲसिड ट्रॅक्स’ रचलं. ते १९८७ साली आलं आणि त्यातून ‘ॲसिड हाउस’ हा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा राहिला. एदो बाउमन या डच संग्राहकाला २००२ साली दिल्लीत सिंग यांची तबकडी सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा काढली, तेव्हा ॲसिड हाउसचा जनक मुंबईचा, अशी हाकाटी झाली. मला हे पटत नाही. शिकागोच्या पोरांनी मुंबईची ही तबकडी ऐकल्याचा काही पुरावा नाही. दोन्ही कुळं वेगळी, यंत्र तेवढं एक. सिंग यांचं कुळ शोधायचं तर ताडदेव-दादरच्या ध्वनिमुद्रणगृहांत शोधावं. तबकडीवर नाव न येणाऱ्या शेकडो वादकांमध्ये.

सत्तरी ओलांडल्यावर सिंग यांनी युरोपातल्या तरुण श्रोत्यांसमोर हे राग पुन्हा वाजवले. २०१५च्या जुलैत ते मुंबईत वारले.