नीतिकथेतील तात्पर्याचे स्थान

मुलांसाठी प्राणिकथा लिहू पाहणाऱ्या लेखकापुढचा खरा प्रश्न बोध असावा की नसावा, हा नसतो. तो बोध कोणाच्या मुखी घालावयाचा, हा असतो. या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

पंचतंत्राची प्रस्तावना सर्वश्रुत आहे. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन पुत्र विद्याविमुख असतात, आणि विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करण्याची प्रतिज्ञा करतो. येथे नीती म्हणजे केवळ सदाचार नव्हे. मुख्यतः राज्यव्यवहारातील शहाणपण होय. त्यामुळेच ‘मित्रभेदा’त पिंगलक सिंह व संजीवक बैल यांच्या मैत्रीत दमनक हा कोल्हा विष कालवितो, निरपराध बैल मारला जातो, आणि दमनकाला काही शासन होत नाही. या तंत्रातला बोध दमनक व करटक या दोन कोल्ह्यांच्या वादात विखुरलेला आहे. दोघेही सुभाषितांचा आधार घेतात, दोघेही दाखल्यादाखल गोष्टी सांगतात. वचन खरे असूनही ते उच्चारणाराचा हेतू दुष्ट असू शकतो, हे ओळखण्याचे काम श्रोत्यावर सोपविलेले आहे.

ही मोकळीक पुढील काळाला सर्वत्र मानवली नाही. सहाव्या शतकात हा ग्रंथ पेहलवी भाषेत गेला आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने तो अरबीत आणला. त्या अरबी ‘कलीला व दिम्ना’त दिम्नाच्या, म्हणजे दमनकाच्या, चौकशीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मूळ संस्कृतात ते नाही. अभ्यासक ते सामान्यतः इब्न अल-मुकफ्फाचेच मानतात. कपटी कोल्हा तेथे दोषी ठरतो व त्याचा अंत होतो. भारतात नारायण पंडिताने ‘हितोपदेशा’त वेगळा मार्ग पत्करला. त्याने मित्रलाभाला अग्रस्थान दिले आणि ग्रंथाचा शेवट संधीने केला. अरबी ग्रंथकाराने कथेला न्याय जोडला, तर नारायणाने क्रम बदलून ग्रंथाचा कल सलोख्याकडे वळविला.

मराठीतही दृष्टान्ताची परंपरा जुनी आहे. चक्रधरांच्या दृष्टान्तांचा केशिराजबासांनी सिद्ध केलेला ‘दृष्टान्तपाठ’ सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशा तीन अंगांनी रचलेला आहे. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची कथा त्यात आहे. कथेचा अर्थ उलगडून सांगण्याची रीत इंग्रजांबरोबर आली, असे म्हणूनच म्हणता येत नाही. मात्र येथे अर्थ सांगणारा गुरू समोर असतो आणि सूत्राचे विवरण हे कथेचे घोषित प्रयोजन असते.

मुद्रणाबरोबर हे चित्र पालटले. आरंभीची मराठी मुद्रित कथापुस्तके महाराष्ट्राबाहेर निघाली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने इसापच्या कथांचे ‘बालबोधमुक्तावलि’ हे रूपांतर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापले गेले. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून १८१५ मध्ये वैजनाथ पंडितांचा मराठी ‘हितोपदेश’ बाहेर पडला. पुढे मुंबईत १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ प्रसिद्ध झाली आणि इसाप शाळेत स्थिरावला. इंग्रजीत रॉजर लेस्ट्रेंजच्या १६९२ च्या इसापमध्येच कथेखाली बोध व त्याखाली चिंतन अशी मांडणी होती. मराठीतही कथेनंतर ‘तात्पर्य’ छापण्याची रीत रूढ झाली. शिक्षकाला ती सोयीची होती, कारण तात्पर्य पाठ करून घेता येते आणि परीक्षेत विचारता येते.

या सोयीची किंमत मात्र वाङ्मयाला द्यावी लागली. तात्पर्य हे कथेतील कोणत्याही पात्राचे उद्गार नसतात. त्यांना बोलणारा नाही, म्हणून प्रतिवादीही नाही. करटकाचे वचन ऐकताना मूल दमनकाच्या बाजूनेही क्षणभर विचार करते. छापील तात्पर्यापुढे त्याला केवळ मान डोलवावी लागते.

यावर उपाय म्हणून आधुनिक लेखक पुष्कळदा तात्पर्याची ओळच गाळतो. परंतु कथेतील एक प्राणी आरंभापासून शहाणा व दुसरा आरंभापासून मूर्ख असेल, तर न छापलेले तात्पर्यही तितकेच सक्तीचे राहते. उलट, दोन्ही पक्षांना आपली बाजू समर्थपणे मांडता आली, तर शेवटी छापलेली एखादी ओळ कथेला बाधक होत नाही. मूल त्या ओळीशीही वाद घालू शकते. विष्णुशर्म्याने राजपुत्रांवर टाकलेला हा विश्वास शालेय नीतिकथेने बव्हंशी गमावला आहे. तो परत मिळविणे हे बालवाङ्मयकाराचे अगत्याचे कार्य होय.