रक्तातील लोह आणि चुंबक

चुंबक आणि मनुष्यदेह ह्यांच्या संबंधाचा इतिहास बहुधा मेस्मरपासून सांगितला जातो, आणि १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने त्या प्रश्नाचा निकाल लावला असे मानले जाते. ही समजूत दुरुस्त करावयास हवी. मेस्मरने १७७४ मध्ये व्हिएन्नात खरे लोहचुंबक वापरले होते. परंतु पुढे त्याने ते टाकून दिले. फ्रँक्लिन, लाव्हाझ्ये आदींच्या समितीने तपासला तो 'प्राणिज चुंबकत्व' नामक कल्पित द्रव. स्थिर चुंबकीय क्षेत्राचा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच.

तो खऱ्या अर्थाने १८४५ मध्ये लंडनमध्ये उभा राहिला. विद्युत्चुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगलेली जड काच क्षेत्राला आडवी वळते, असे फॅरडेस आढळले. मग त्याने हाताशी येईल ते टांगून पाहिले : लाकूड, मांस, सफरचंद आणि रक्तही. रक्तात लोह असते हे तेव्हा ठाऊक होते; तरी रक्त चुंबकाकडे ओढले न जाता किंचित् दूरच सारले जाई. मनुष्यास पुरेशा नाजूकपणे टांगता आले तर तोही आडवाच स्थिरावेल, असे फॅरडेने लिहिले आहे. ही केवळ गंमत नव्हे. देहाच्या घटकांविषयीचे ते अचूक विधान होय.

१८९२ मध्ये एडिसनच्या प्रयोगशाळेत पीटरसन व केनेली ह्यांनी एक कुत्रा पाच तास तीव्र क्षेत्रात ठेवला. पुढे माणसाचे डोके क्षेत्रात ठेवून, त्यास नकळत प्रवाह चालू-बंद केला. परिणाम शून्य. निरीक्षण निर्दोष होते, मात्र त्याची व्याप्ती त्या काळच्या चुंबकांपुरतीच होती. आजच्या ७ टेसलाच्या यंत्रात अनेकांना भोवळ येते. अंतःकर्णातील द्रवातून वाहणाऱ्या आयनी प्रवाहावर क्षेत्राचे बल पडते, असे तिचे कारण २०११ मध्ये मांडले गेले.

रक्ताचे कोडे मात्र रेणूच्या पातळीवर उलगडले. पॉलिंग व कोरिएल ह्यांनी १९३६ मध्ये दाखविले की, ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन प्रतिचुंबकीय असते. ऑक्सिजन निघून जाताच प्रत्येक लोह-अणूपाशी चार अयुग्मित इलेक्ट्रॉन उरतात आणि ते समचुंबकीय, म्हणजे क्षेत्राकडे ओढले जाणारे, बनते. ह्यावरून फॅरडे चुकला असे म्हणण्याचा मोह होतो, तो टाळावा. शिरांतील रक्तही एकंदरीत प्रतिचुंबकीयच असते, कारण त्यातील पाण्याचा भाग लोहावर मात करतो. बदलते ते केवळ परिमाण.

ते अत्यल्प परिमाण १९९० मध्ये सेजी ओगावा ह्यांच्या उपयोगी पडले. उंदराच्या मेंदूच्या चुंबकीय प्रतिमेत शिरा काळ्या रेषांनी उमटत. उंदरास शुद्ध ऑक्सिजन दिला की त्या पुसट होत. दोनच वर्षांनी, १९९२ मध्ये, ह्याच फरकाच्या आधारे कार्यरत मानवी मेंदूच्या प्रतिमा प्रसिद्ध झाल्या.