कालव्यातनं आलेली चिलापी



परवा शेततळ्यात जाळं टाकलं. सोडली होती रोहू-कटल्याची पिल्लं, निघाली बोटभर चिलापी. पाणी टेंभूचं. कराडजवळ कृष्णेतनं उचलून टप्प्याटप्प्यानं आमच्या खानापूर-आटपाडीकडं चढवलेलं. पाण्याबरोबर पिल्लं आली असणार, दुसरीकडनं यायला वाटच नाही.

चिलापी मूळची आफ्रिकेची. १९५२ साली भारतात आणली, स्वस्तात भरपूर मासा मिळंल म्हणून. हेतू वाईट नव्हता. पण मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, दोन-तीन महिन्यांत पिल्लंच विणीला येतात. तळ्यात गर्दी होते, मग कुणीच वाढत नाही. १९५९ मध्ये मत्स्यतज्ज्ञांच्या समितीनं हिचा प्रसार थांबवा म्हणून सांगितलं. तवर ती पाण्यात सुटली होती. आज कृष्णेत वाईपासून खाली कुठंही जाळं टाका, ही हायच.

असाच एक कालव्याचा इतिहास अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या सरोवरांचा हाय. तिथं लॅम्प्रे नावाचा वामीसारखा लांब समुद्री मासा. त्याला जबडा नाही, गोल तोंडात दातांची चकती. जळूगत दुसऱ्या माशाला चिकटतो, कातडं खरवडून रक्त पितो. नायगारा धबधब्यानं त्याला अडवलं होतं. जहाजांसाठी वेलंड कालवा काढला, पुढं तो खोल केला आणि १९२१ साली हा धबधब्याच्या वरच्या सरोवरात सापडला. तिथल्या लेक ट्राउट माशाची वर्षाची पकड सुमारे ६८ लाख किलो होती, १९६० नंतर दीड लाखाच्या आत आली. कोळ्यांची गावंच्या गावं बसली.

हजारो रसायनं तपासून १९५८ पासून ओढ्यातल्या त्याच्या पिल्लांवर औषध सोडायला लागले. तणनाशकासारखंच, बंद करता येत नाही. कोरोनात औषध कमी पडलं तर लॅम्प्रे परत वाढला.

चिलापी रक्त पीत नाही, हे खरं. ती खाद्य खाते, दुसऱ्याची अंडी-पिल्लं खाते. बाजारात खपते, म्हणून तिला कोण शत्रू म्हणत नाही. पण माझी रोहू गेली ती गेलीच.

या उन्हाळ्यात तळं पूर्ण उपसून वाळवणार. पुढच्या आवर्तनाला पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधणार. निघालेली चिलापी ओढ्यात मात्र सोडायची नाही, असं पोरांना बजावलंय. कालवण करायचं.