शेंगदाण्याचं तेल, साबण आणि पिकअप : बायोडिझेलची सव्वाशे वर्षं

डिझेलचे भाव वाढले की एक गोष्ट हमखास फिरू लागते. रुडॉल्फ डिझेल यांनी आपलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवलं होतं, शेतकरी स्वतःचं इंधन स्वतः पिकवणार होता. पण तेल कंपन्यांनी तो डाव उधळून लावला. गोष्ट ऐकायला गोड आहे. त्यात नायक आहे, खलनायक आहे आणि सामान्य माणसावरचा अन्यायही आहे. हकीकत मात्र जास्त गुंतागुंतीची आहे. आज एखादा पिकअपवाला स्वस्तातल्या ‘बायोडिझेल’साठी टाकीचं झाकण उघडतो, तेव्हा त्याला ही हकीकत ठाऊक असलेली बरी.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. ते बनवलं होतं खनिज तेलासाठी; पण काहीही बदल न करता ते वनस्पती तेलावर इतकं सुरळीत चाललं की फार थोड्या प्रेक्षकांच्या ते लक्षात आलं. ही कल्पना डिझेल यांची नव्हती, फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असे. तिथली यंत्रं तिथल्याच तेलावर चालली तर युरोपातून कोळसा नि इंधन नेण्याचा खर्च वाचणार होता. डिझेल यांनी पुढे स्वतःही असे प्रयोग केले आणि १९१२ मध्ये वनस्पती तेलाच्या भवितव्याबद्दल आशेनं लिहिलं. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाताना ते जहाजावरून बेपत्ता झाले आणि दंतकथेला आयतं खाद्य मिळालं.

म्हणजे या इंधनाचा पहिला विचार झाला तो शेतकऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी नव्हे, तर साम्राज्याच्या सोयीसाठी. भुईमूग पिकवणाऱ्या आफ्रिकी शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा टप्पाही वसाहतीतूनच येतो. नुसतं वनस्पती तेल डिझेलपेक्षा दहापटीहून अधिक घट्ट असतं. इंजिन त्यावर सुरू होतं, काही दिवस चालतंही. पण नोझलमधून नीट फवारा उडत नाही, कोळी जमते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. यावर ब्रसेल्स विद्यापीठातल्या जी. शावान यांनी ३१ ऑगस्ट १९३७ रोजी एक पेटंट मिळवलं. तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया करून त्याचं पातळ एस्टर बनवायचं, अशी ती रीत. आज आपण ज्याला बायोडिझेल म्हणतो ते हेच. १९३८ मध्ये ब्रसेल्स ते लूव्हाँ या मार्गावर पाम तेलाच्या एस्टरवर एक प्रवासी बस धावली. पाम तेल अर्थातच बेल्जियन काँगोच्या हिशेबातलं होतं.

या रसायनात मला एक जुनी ओळख सापडते. बायोडिझेलला तीन गोष्टी लागतात : तेल, अल्कोहोल आणि अल्कली. यातले शेवटचे दोन्ही शब्द अरबी आहेत. ‘अल-कुहल’ म्हणजे मुळात डोळ्यात घालायचा सुरमा. ‘अल-कली’ म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख. हलब आणि नाबलुसचे साबणवाले अशाच राखेच्या क्षारात ऑलिव्हचं तेल शिजवून साबण करत आले. बायोडिझेल ही त्या साबणाचीच चुलत बहीण. १०० किलो तेलात साधारण १० किलो मिथेनॉल आणि थोडा क्षार घातला की जवळजवळ १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळतं. तेलात पाणी राहिलं तर मात्र तीच सामग्री साबणाकडे वळते. घरी पिंपात बायोडिझेल करणाऱ्याचं पीठ बिघडतं ते बहुधा इथेच, आणि तो साबण पुढे फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई झाली तेव्हा अनेक देश वनस्पती तेलाकडे वळले. भारतीय तेलांवर डिझेल इंजिन चालवण्याविषयी इथल्या शास्त्रज्ञांचा निबंध १९४२ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. युद्ध संपलं, खनिज तेल स्वस्त झालं आणि सगळे हा विषय विसरले. १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर तो पुन्हा आठवला. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणनं वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला तेल देणं थांबवलं. त्याच सुमारास तिथले कृषी अभियंते सूर्यफुलाच्या तेलावर ट्रॅक्टर चालवून पाहत होते. कच्च्या तेलानं इंजेक्टर तुंबतात आणि एस्टर केलं की तुंबत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. गोऱ्या राजवटीला जगाच्या बहिष्कारातून वाट काढायची होती. इंधनाला स्वतःची नीती नसते. ते कुणाच्या हाती आहे यावर ती ठरते.

पिकअपचा प्रवेश होतो अमेरिकेत. डॉज कंपनीनं १९८९ पासून आपल्या पिकअपला कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. शेतावर आणि रस्त्यावर सारखाच राबणारा हा गडी. मिसुरी विद्यापीठानं १९९१ च्या अशा पिकअपमध्ये शंभर टक्के सोयाबीनचं बायोडिझेल भरून चाचण्या घेतल्या. सोयापेंडीला गिऱ्हाईक होतं, तेल मात्र पडून राहत होतं. म्हणून सोयाबीन उत्पादकांनी १९९२ मध्ये या इंधनासाठी स्वतःचं मंडळ काढलं. आयडाहो विद्यापीठानं तर १९९५ ची डॉज पिकअप मोहरीच्या जातीच्या रेपसीडच्या बायोडिझेलवर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिरवली. या गाडीच्या धुराला तळणीचा वास येतो, मग अस्वलं मागे लागतील का, ही शंका होती. पाळीव अस्वलांवर ती तपासूनही पाहिली. अस्वलांनी फारसं लक्ष दिलं नाही.

त्या काळातलं इंजिन रांगडं होतं. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवायचं, म्हणून सुरुवातीला एक-दोन फिल्टर बदलावे लागत. जुने रबरी पाइप फुगत, ते बदलले की भागायचं. सोयाबीनचं बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास गढूळ होऊन गोठू लागतं, म्हणून थंडीत त्यात डिझेल मिसळावं लागे. हे सगळे मिस्त्रीच्या आवाक्यातले प्रश्न होते. हॉटेलातून वापरलेलं तेल आणायचं, गॅरेजमागे शिजवायचं आणि पिकअपमध्ये ओतायचं, अशी एक पिढीच तिथे तयार झाली. परदेशी तेल नको, हा त्यातल्या अनेकांचा नारा होता.

मग २००७ आलं. त्याआधी, २००६ मध्ये, अमेरिकेनं डिझेलमधलं गंधक दहा लाखांत १५ भागांवर आणलं. २००७ च्या मॉडेलपासून पिकअपच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी आली, तीच डीपीएफ. इथे कथेला वळण लागतं. ही जाळी भरली की आतली काजळी जाळावी लागते. त्यासाठी अनेक इंजिनं सिलिंडरमध्येच उशिरा थोडं जास्तीचं इंधन फवारतात. त्याची वाफ धुराबरोबर पुढे जाऊन पेटते आणि जाळी तापते. डिझेलची वाफ सहज होते, बायोडिझेलची होत नाही. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवर बसतं, ओघळून इंजिन ऑईलमध्ये उतरतं आणि तिथून उडूनही जात नाही. ऑईल पातळ होतं, बेअरिंगा झिजतात. प्रक्रियेतला सोडियम किंवा पोटॅशियम राहिला असेल तर त्याची राख जाळीत कायमची अडकते. कॉमन रेलच्या इंजेक्टरची छिद्रं इतकी बारीक की जुन्या इंजिनानं पचवलेला कचरा इथे हजारोंचा खर्च काढतो.

म्हणून फोर्ड आणि जनरल मोटर्सनं २०११ च्या पिकअपना परवानगी दिली ती फक्त ‘बी-२०’ची, म्हणजे २० टक्के मिश्रणाची, तीही प्रमाणित इंधनाची. गंमत अशी की गंधक काढल्यानं डिझेलचा वंगणगुण कमी झाला आणि तो भरून काढायला एक-दोन टक्के बायोडिझेल उत्तम ठरतं. थोडं असेल तर औषध, सगळं तेच असेल तर आजार.

तेल कंपन्यांनी डाव उधळला, ही दंतकथा मला म्हणूनच अपुरी वाटते. घरगुती बायोडिझेलची वाट अडवली ती बऱ्याच अंशी स्वच्छ हवेच्या कायद्यानं. हायवेलगतच्या वस्त्यांत, ट्रक टर्मिनलच्या शेजारी कोण राहतं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. त्यांच्या फुप्फुसात जाणारी काजळी कमी होत असेल, तर पिंपात इंधन शिजवायची मोकळीक गेली याचं मला दुःख नाही.

दुःख दुसऱ्या गोष्टीचं आहे. आज त्याच सोयाबीनपासून, चरबीपासून, तळणीच्या तेलापासून हायड्रोजनची प्रक्रिया करून ‘रिन्यूएबल डिझेल’ बनतं. ते रचनेनं डिझेलसारखंच असल्यामुळे डीपीएफला चालतं. पण त्यासाठी अवाढव्य रिफायनरी लागते. कच्चा माल शेतकऱ्याचा नि हॉटेलवाल्याचा, किल्ली मात्र रिफायनरीवाल्याची.

आपल्याकडे काय झालं? ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर मार्गावर ५ टक्के बायोडिझेलवर रेल्वेची चाचणी झाली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं मोगली एरंडाचं स्वप्न दाखवलं : पडीक जमीन, कमी पाणी आणि डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण. झाड पडीक जमिनीत जगतं हे खरं, पण भरघोस बी द्यायला त्यालाही पाणी नि खत लागतं. २००९ च्या धोरणानं तेच २० टक्के २०१७ वर ढकलले. २०१८ च्या धोरणात २०३० सालासाठी ५ टक्के उरले. प्रत्यक्षात मिश्रण एक टक्क्याच्याही खाली राहिलं. ज्यांनी सरकारी शब्दावर रोपं लावली, त्यांच्या नुकसानीचा जाब कुणी दिला नाही.

त्या मानानं तळणीच्या तेलाची वाट शहाणपणाची आहे. १ जुलै २०१८ पासून तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यात वापरायचं नाही, असा नियम आहे. असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे पाठवायची योजनाही अन्न सुरक्षा प्राधिकरणानं आखली. रमजानच्या बाजारात संध्याकाळी कढया पाहिल्या की या योजनेचं मोल कळतं. काळं पडलेलं तेल बहुतेक ठिकाणी फेकलं जात नाही, ते आणखी स्वस्त गाड्यावर जातं आणि गरिबाच्याच पोटात उतरतं. ते इंजिनात जाणं दोघांच्याही भल्याचं आहे. पण कारखान्यातून, तपासणी होऊन.

आपल्या पिकअप १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ झाल्या. नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेणाऱ्या गाडीत आता तीच जाळी नि तेच नाजूक इंजेक्टर आहेत. हप्ते चालू असतात, लिटरमागे चार पैसे वाचत असतील तर मोह होतो. गुजरातमध्ये काही वर्षांपूर्वी बेकायदा पंपांवर छापे पडले, तेव्हा बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच औद्योगिक तेल विकलं जात असल्याचं उघड झालं. त्यात शेतही नव्हतं आणि कढईही नव्हती. तेव्हा गाडीच्या पुस्तकात जेवढं प्रमाण छापलंय तेवढंच आणि अधिकृत पंपावरूनच भरावं. वॉरंटी एकदा गेली की नुकसान गाडीमालकाच्या घरावर येतं, बायोडिझेलचं स्वप्न विकणाऱ्याच्या नाही.